प्रकरण सतरावे : निळ्या दोऱ्याचा हातमोजा

एकोणीस वर्षांनी दादा घरी आला. उंबरठ्यावर थांबून त्याने खाली पाहिलं आणि आईला विचारलं, "पायपुसणं बदललं?"

"सात वर्षं झाली," आई म्हणाली.

"कळवायचं होतंस."

झाली भेट. अश्रूंची सोय म्हणून धाकट्याच्या बायकोने चार रुमाल इस्त्री करून ठेवले होते, ते तिने गुपचूप कपाटात परत नेले. दादाच्या मागून वहिनी आत आली. तिने पायपुसण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ धाकट्याकडे बघत म्हणाली, "भावोजी, बारीक झालात."

धाकटा एक्कावन्न वर्षांचा होता आणि त्याचा पट्टा मागच्याच महिन्यात शेवटच्या भोकावर आला होता. अशा माणसाला हे ऐकून खरं तर बरं वाटायला हवं. त्याने सदरा पोटावरून खाली ओढला. वहिनीला बारीक दिसत होतं ते दुसरंच काहीतरी असणार.

उद्या रविवारी चर्चमधल्या ऑर्गनला शंभर वर्षं होणार होती. तो आजोबांनी बसवला, बाबांनी सांभाळला, आणि गेली एकोणीस वर्षं धाकटा सांभाळत होता. उद्या उपासना झाली की भिंतीवरच्या पितळी पाटीवरचं कापड दूर होणार होतं. पाटीवर तीन नावं होती, तिसरं धाकट्याचं. ती त्याने स्वतः तीनदा घासली होती. तिसऱ्यांदा गरज नव्हती.

मधल्या काळात बाबांनी माडीची चावी दिल्यावर दादानेही ऑर्गन सांभाळला होता. अकरा दिवस.

अकराव्या दिवशी, मोठ्या दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उपासनेला, बिशपसाहेब आले होते. प्रार्थना संपली, सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली, ऑर्गन वाजवणाऱ्या ताईने, म्हणजे दोघांच्या बहिणीने, बाकावर बसून पट्टी दाबली आणि ऑर्गनमधून बकरी ओरडली. बकरीसारखा आवाज आला असं म्हणणं कमी पडेल. बिशपसाहेबांनी वाकून वेदीखाली पाहिलं होतं. नंतर ऑर्गनमधल्या तुतारीसारखा सूर देणाऱ्या मोठ्या नळीतून एक पांढरा सुती हातमोजा निघाला. नळीला उघडा हात लागला की हाताच्या उबेने सूर चढतो, म्हणून या घरात नळ्यांना हात लावायचा तो मोजे घालून. आणि मोज्यांची अदलाबदल नको म्हणून आई कडेला रंगीत दोरा घालायची. दादाचा निळा, धाकट्याचा लाल. नळीतून निघाला तो निळ्या दोऱ्याचा होता. चौकशी तिथंच आटोपली.

"मी विसरलो नाही," असं दादा सहा महिने सांगत राहिला. तोवर लोकांनी त्याला 'बकरी' हे नाव ठेवलं होतं आणि शाळेतली पोरं त्याला बघून बें बें करत. शेवटी तो बसने सहा तासांवरच्या शहरात गेला आणि शिवणयंत्रं दुरुस्त करायला लागला. शिवणयंत्र बिघडलं तरी प्राण्यांचे आवाज काढत नाही. तिसऱ्या वर्षी बाबा गेले. जाईपर्यंत ते म्हणत होते, "थोरल्याचे हात चांगले, लक्ष नसतं."

मोजा नळीत कसा गेला हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस आत्ता सगळ्यांना चहा देत होता आणि साखर किती ते विचारत होता.

*

चर्चमध्ये वर्षातून चारदा प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षारस घेतात. त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी चार वाजता या घरात बैठक बसते. तीही आजोबांनीच घालून दिलेली. वेदीजवळ जाण्याआधी भावाशी समेट करावा असं शास्त्रात आहे. आजोबा कारागीर असल्यामुळे त्यांनी त्याचे मोजमापासकट नियम केले. कामाच्या खोलीतल्या लांब टेबलाभोवती बसायचं. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्या डोळ्यांत बघून 'माझं चुकलं' म्हणायचं आणि काय चुकलं ते सांगायचं. 'पण' म्हणायचं नाही. 'पण' आलं की घरातलं वडीलधारं माणूस लाकडी हातोडी टेबलावर आपटणार आणि पहिल्यापासून सुरुवात. समोरच्याने 'सोडलं' म्हणायचं, नाहीतर गप्प बसायचं. 'असू दे' चालणार नाही, कारण आजोबांच्या मते 'असू दे' म्हणजे वस्तू फेकली नाही, कपाटात ठेवली.

शंभर वर्षांत बैठक जरा सैल झाली होती. कुणाच्या टॉवेलला कुणी ओले पाय पुसले, इथवर मामला आला होता. धाकट्याने तर गेल्या एकोणीस वर्षांत, वर्षाला चार या हिशेबाने, शहात्तर चुका कबूल केल्या होत्या, आणि त्यातल्या तीसेक त्याने केलेल्याच नव्हत्या. खऱ्याची जागा भरायला काहीतरी हवं असायचं. न केलेली चूक कबूल करणं हे पाप आहे का, असं त्याने पाळकसाहेबांना एका मित्रातर्फे विचारलंही होतं. पाळकसाहेब म्हणाले होते, "तुमच्या मित्राला चर्चला घेऊन या."

आज आई टेबलाच्या टोकाला हातोडी घेऊन बसली. तिच्या मागे शिशाच्या नळ्या उंचीप्रमाणे उभ्या होत्या. सरस गरम होत होता, त्याचा वास खोलीभर. ताई, वहिनी आणि दादा एका बाजूला, धाकटा आणि त्याची बायको दुसऱ्या बाजूला.

ताईने सुरुवात केली. ती धाकट्याच्या बायकोकडे वळली. "माझं चुकलं. तुझ्या खिडकीतल्या कुंडीत मी महिनाभर उरलेला चहा ओतत होते. झाड मेलं तेव्हा कीड लागली म्हणून मीच सांगितलं."

"आणि मी ताई, त्यावर तीन प्रकारची औषधं मारली!"

"हो. तू मारत होतीस तेव्हा मी डबा धरला होता."

आईने हातोडी नुसती उचलली.

"सोडलं," धाकट्याची बायको म्हणाली, आणि सासूकडे वळली. "आई, माझं चुकलं. तुमच्या कानातल्या यंत्राची बॅटरी संपली होती ते मला कळलं होतं. मी मुद्दाम दोन दिवस बदलली नाही."

"मलाही कळलं होतं," आई म्हणाली. "दोन दिवस फार बरे गेले. सोडलं."

सगळे हसले. दादासुद्धा, तोंड न उघडता, नाकातून. धाकट्याने मनात आपली आजची चूक घोळवली. वहिनीने लग्नात दिलेली किटली आपण जाळली, अशी ती होती. किटली खरोखर जळली होती. बायकोच्या हातून, हे वेगळं. खरी गोष्ट पुढच्या वेळी सांगायची असं त्याचं ठरलं होतं. ते शहात्तर वेळा ठरलं होतं.

एवढ्यात दादा उठून उभा राहिला. त्याने खिशातून आठ घड्या घातलेला कागद काढला, उघडला, पुन्हा घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"बसूनच सांगतात रे," ताई म्हणाली. "विसरलास?"

"तेच म्हणायचंय मला. मी विसरतो." तो धाकट्याकडे वळला. "छोट्या, माझं चुकलं. बकरी ओरडली त्या दिवशी मी बाबांना म्हणालो होतो की हे तुझं काम आहे. तुला चावी मिळाली नाही म्हणून तू जळत होतास आणि तूच माझा मोजा नळीत टाकलास, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मला थोबाडीत मारली. बरोबर केलं. एकोणीस वर्षं मी हे मनात धरून होतो. एवढी वर्षं मी प्रभुभोजन घेतलं नाही, कारण भावाबद्दल मनात असलं काही असताना मला ते घेता येईना. मात्र गेल्या दोन-तीन वर्षांत मला हळूहळू आठवायला लागलं. मीच ठेवला होता. तुतारीची नळी पुसत होतो, उजव्या हाताला घाम आला, मोजा काढला, नळीच्या काठावर ठेवला, आणि बाबांनी खालून हाक मारली. आता तर अगदी डोळ्यांसमोर दिसतं. तुझ्यासारख्या भावावर मी संशय घेतला. माझं चुकलं."

तो खाली बसला. टेबलाखाली वहिनीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

पाच चेहरे धाकट्याकडे वळले. ते इतके मऊ झाले होते की त्याला बघवेनात. ताईचे डोळे भरले होते. त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर तर अभिमान होता, आणि तो त्याच्याबद्दल होता.

"उत्तर," आई म्हणाली.

तीन अक्षरं होती. ती जिभेवर तयार होती, चांगली गरम. ती म्हटली की गोष्ट संपणार. ज्याचं आपण आयुष्य वाकडं केलं, तोच माणूस बसने सहा तास येऊन आपल्या हातात क्षमा करण्याचा मोठेपणा ठेवत होता. पाटी उद्या उघडणार होती. आणि दादाला बरंच वाटणार होतं! तो मोकळा होऊन उद्या प्रभुभोजन घेणार होता. कुणाचं काय वाईट होत होतं? एवढी सोयीची गोष्ट देवाने समोर ठेवली तर नाकारायची तरी कशी, असा एक विचार धाकट्याच्या मनात आला. पाठोपाठ हेही आलं की ही सोय देवाकडून आलेली नसावी.

"उत्तर दे रे," आई म्हणाली.

"नाही," धाकटा म्हणाला.

ताई ताठ झाली. "नाही म्हणजे? तो एवढा आलाय—"

"नाही सोडता येत. त्याने केलंच नाही. मी केलं."

ताई परत मागे टेकली.

"माझं चुकलं," धाकटा म्हणाला. त्याने दादाच्या डोळ्यांत बघायला सुरुवात केली आणि ते वाटलं त्याहून लांबचं काम निघालं. "मोजा मी टाकला. तुझ्या खुंटीवरून घेतला. बाबा मला नेहमी म्हणायचे की सूर तुझ्याइतका कुणाला कळत नाही, आणि चावी दिली तुला. मी विचारलं का, तर म्हणाले तो थोरला आहे. मला फक्त एक सूर बिघडवायचा होता, पण—"

टक्.

"माझं चुकलं. मोजा मी टाकला. तुला लोक नावं ठेवायला लागले तेव्हा मी सांगणार होतो, पण तोवर—"

टक्. टेबलावरचे कप उडाले.

धाकट्याने घाम पुसला. 'पण' काढून टाकलं की आपल्याजवळ किती थोडं उरतं ते त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. एकोणीस वर्षांचा सगळा बचाव त्या एका शब्दाला लटकलेला होता.

"माझं चुकलं," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "मी जाणूनबुजून केलं. तुझ्यावर येईल हे मला ठाऊक होतं, म्हणून तर तुझा मोजा घेतला. बाबा शेवटच्या आठवड्यात तुझ्याबद्दल बोलत होते तेव्हा मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, आणि गप्प बसलो. माझं चुकलं."

या वेळी हातोडी हलली नाही.

दादाने आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "कुठला मोजा होता? डावा की उजवा?"

"डावा."

"मला उजवा आठवतोय. घामासकट." त्याने मान वर केली. "मग जे मला आठवतंय ते कुणाचं आहे?"

उत्तर वहिनीने दिलं, आणि ती बसून बोलणाऱ्यांपैकी नव्हती.

"कुणाचं? तुम्ही दिलंय ते! भावोजी, हा माणूस घराबाहेर पडताना गॅस चार वेळा बघतो. कुलूप लावतो, कोपऱ्यापर्यंत जातो, परत येऊन कुलूप ओढून बघतो. एकदा आम्ही बसमधून उतरलो, अर्ध्या वाटेत, सामानासकट! का, तर 'मी विसरतो ना.' आमच्या लग्नात कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं ते ज्याला आजही पाठ आहे, त्याला तुम्ही विसरभोळा केलात! आणि मी त्याला सांगत राहिले की अहो, मान्य करा, मन हलकं होईल. म्हणजे मीही तुमच्याच बाजूने काम केलं. फुकटात!"

"वहिनी, मी—"

"तुम्ही बोलू नका. तुमचं झालं ना सांगून? मग ऐका आता."

धाकट्याची बायको उठली. तिने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला, ती जावेच्या शेजारी ठेवली आणि तिथं बसली. मग पुन्हा उठली, कपाटाकडे गेली आणि चारही रुमाल घेऊन आली. एक तिने वहिनीला दिला, एक स्वतः घेतला. धाकट्याच्या बाजूला आता फक्त धाकटा होता आणि शिशाच्या नळ्या.

"मला वाटायचं माझीच पट्टी चुकली," ताई हळूच म्हणाली. "मोजा सापडला तरी. त्यानंतर मी कधी 'आमेन' जोरात वाजवलेलं नाही. लोक म्हणतात, ताईंचं आमेन किती नम्र असतं."

तेव्हा आईने हातोडी टेबलावर आडवी ठेवली आणि पुढे सरकवली. असं तिने कधीच केलं नव्हतं. ती दादाकडे वळली.

"माझं चुकलं. मला शंका होती. मोजा सापडला त्या दिवसापासून हा जेवत नव्हता. मी विचारलं नाही. तू तर जायलाच निघाला होतास. हा तरी राहील, म्हणून विचारलं नाही."

दादाने आईचा हात धरला. "सोडलं," तो म्हणाला, एका श्वासात, जणू कुणी मीठ मागावं आणि ते पुढे करावं.

मग तो धाकट्याकडे वळला. धाकट्याला वाटलं, आता. दादाने तोंड उघडलं. "सोडलं," तो म्हणाला, "पण—"

हातोडी टेबलाच्या मध्यावर होती. तरी आईचा हात तिकडे गेलाच. टक्.

"सोडलं. पण एकोणीस—" टक्.

"सो—" दादा थांबला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "मला येत नाही. मी खोटं म्हणणार नाही." तो बाहेर गेला. खिडकीतून सगळ्यांना दिसत होतं, तो घराला फेऱ्या मारत होता. दोन्ही हात मागे बांधून, मान खाली. ताईने नऊ मोजल्या. नवव्या फेरीला तो दाराशी थांबून कुलपाकडे हात नेणार होता, तो त्याने मध्येच मागे घेतला आणि हाताकडे बघत हसला. वाईट हसला.

तो आत आला तेव्हा धाकटा उभा होता. "उद्या मंडळीसमोर सांगतो," धाकटा म्हणाला. "तुझं नाव तिथं गेलं, तिथंच परत आणायला हवं. तू सोड नाहीतर नको सोडू, ते तुझं. सांगणं माझं."

"आणि पाटी?" त्याच्या बायकोने पलीकडून विचारलं. आवाज रुमालातून आला.

"झाकलेली राहू दे."

तिने रुमालाची घडी घातली. खुर्ची काही परत आणली नाही. जागेवरूनच म्हणाली, "तुझा निळा सदरा इस्त्रीचा आहे. पांढरा घालू नकोस, घाम दिसतो."

*

सकाळी पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते दयाळू होते आणि शंभर वर्षांचा कार्यक्रम छापून झालेला होता. "हे उपासनेनंतर नाही का चालणार?" त्यांनी विचारलं. "चहा-बिस्किटांच्या वेळी?"

"बकरी बिस्किटांच्या वेळी ओरडली नव्हती, साहेब," धाकटा म्हणाला. त्याने ऑर्गनच्या माडीची चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

चर्च भरलं होतं. तिसऱ्या बाकावर आई, वहिनी, दादा, धाकट्याची बायको. ताई वर माडीवर. धाकटा पुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने जे काल सांगितलं तेच सांगितलं, एकही 'पण' न घालता. दीड मिनिट लागलं. एवढंसंच होतं ते.

पहिल्या रांगेतले ऐकायला कमी येणारे निवृत्त हेडमास्तर शेजारच्याला म्हणाले, त्यांच्या मते कुजबुजत, "काय म्हणतोय?"

"बकरी त्याने केली म्हणतोय!"

"मग थोरल्याला आपण उगाच...?"

"हो!"

"अरे देवा," हेडमास्तर म्हणाले. हेही सगळ्यांना ऐकू गेलं.

मग कुठूनतरी मागून म्हातारा पोस्टमन उठला. तो काठी टेकत तिसऱ्या बाकापाशी आला आणि दादासमोर थांबला. "ते नाव मी ठेवलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, जमलंय. माझं चुकलं."

"सोडलं," दादा म्हणाला. तो अजून बसलेलाच होता, घाबरून.

पोस्टमनच्या मागे बेकरीवाला उभा राहिला. त्याने दुकानात एका पावाला बकरीचा आकार देऊन तो काचेत ठेवला होता. "तीनच दिवस ठेवला होता, प—" तो म्हणाला, आणि या घराची बैठक कशी असते ते ऐकून माहीत असल्यामुळे स्वतःच थांबला. "माझं चुकलं." त्याच्यामागे बँकेतली मॅनेजरबाई, तिच्यामागे दोन मुलांचा बाप, त्याच्यामागे एक दंतवैद्य. ही सगळी तेव्हाची शाळेतली पोरं, बें बें करणारी. आता कुणाला चष्मा, कुणाला टक्कल, आणि रांग मधल्या वाटेने थेट दारापर्यंत गेली. दारावरच्या स्वयंसेवकाला वाटलं प्रभुभोजन सुरू झालं, म्हणून तो प्रत्येकाला शिस्तीत उभं करायला लागला. दादा आता उठून उभा होता. "सोडलं. सोडलं. तूसुद्धा? केवढी झालीस! सोडलं." हेडमास्तरांनी आपलं काही नसतानाही रांगेत नंबर लावला. पोचल्यावर म्हणाले, "मी हसलो होतो. सगळ्यात शेवटपर्यंत." पाळकसाहेबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, मग चष्मा काढून पुसला, मग तोही खिशात टाकला.

धाकटा मात्र पुढे एकटाच उभा होता. त्याच्यापाशी कुणी येत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. एवढी क्षमा चाललेली असताना तिच्यातली एकही आपली नाही, हे बघत उभं राहायचं होतं. त्याला चमत्कारिक वाटलं की तरीही त्याला आनंद होत होता. दादाचा चेहरा त्याला इतका उघडा शेवटचा कधी दिसला होता? चावी मिळाली त्या दिवशी. त्या दिवशी तो चेहरा त्याला सहन झाला नव्हता. आज तोच चेहरा होता, आणि आज त्याने खिळून बघितलं.

"छोट्या!" माडीवरून ताईची हाक आली. "वर ये."

तो वर गेला. ताईने ऑर्गनमध्ये वारा भरणारी मोटर बंद केली होती. या ऑर्गनला भात्याचा जुना लाकडी दांडा अजून आहे, पुरुषभर लांब, आणि तो शेवटचा वापरल्याला चाळीस वर्षं झाली होती.

"मोटर का बंद केलीस?"

"मला आज माणसाचा वारा हवाय. मारत राहा. थांबलास तर सूर पडेल आणि अख्ख्या मंडळीला कळेल कोण थांबलं."

"किती कडवी आहेत?"

"अकरा," ताई म्हणाली. "लोक नेहमी तीन म्हणतात. आपण अकरा म्हणू."

तिने सूर निवडायच्या सगळ्या खुंट्या बाहेर ओढल्या. एकही ठेवली नाही. मग तिने दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकदम खाली आणले, आणि शंभर वर्षांत त्या ऑर्गनमधून निघाला नसेल एवढा आवाज निघाला. चर्चच्या काचा थरथरल्या. खाली मंडळी उठून उभी राहिली. नम्रतेचा कुठं मागमूस नव्हता. धाकट्याने दांडा खाली ओढला, सोडला, ओढला.

दुसऱ्या कडव्यापर्यंत निळा सदरा काळा झाला. चौथ्या कडव्याला त्याचे खांदे त्याचे राहिले नाहीत. पाचव्याला, दांडा अचानक हलका झाला.

पलीकडच्या टोकाला दादा होता. कोट काढून त्याने ऑर्गनवर टाकला होता. दोघांचा वेग जुळायला थोडा वेळ लागला. मग जुळला. बाबा असताना, लहानपणी, दोघं असाच दांडा धरायचे, एक मोठ्या पायरीवर, एक लहान पायरीवर. आता दोघंही सपाट जमिनीवर होते आणि दोघंही धापा टाकत होते.

"सगळ्यांना म्हणून झालं," दादा ओरडला. नाहीतर ऐकू जाणं शक्य नव्हतं. "तुला म्हणायचं राहिलंय!"

"घाई नाही!"

"घाई आहे! खाली प्रभुभोजन मांडलंय!" दांडा खाली. दांडा वर. "मी खाली बसून सगळं आठवून बघितलं! गॅस! कुलूप! बाबा! एकेक!"

धाकट्याने दांडा ओढला. बोलायला श्वासही नव्हता.

"सगळं आहे अजून! कुठं गेलेलं नाही!" दादाच्या नाकावरून घाम दांड्यावर पडत होता. "तरी सोडलं!"

पुढे काही आलं नाही. धाकटा वाट बघत राहिला, आठवं कडवं अर्धं संपेपर्यंत. दादाने ओठ घट्ट मिटले होते आणि तो हसत होता.

धाकट्याला दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायचं होतं, पण हात मोकळे नव्हते. हात सोडले असते तर दोनशे माणसांचं गाणं मध्येच पडलं असतं. म्हणून तो तसाच रडला, तोंड उघडं टाकून, दांडा ओढत, आणि ते सगळं वाहून सदऱ्यात गेलं. तिथं आधीच जागा नव्हती.

"वहिनी काय म्हणते?" त्याने नवव्या कडव्याला विचारलं.

"ती म्हणते माझं मी बघेन! माझं काम हळू चालतं!"

"चालेल!"

"तुझी बायको तिच्या शेजारी बसून गातेय! बेसूर!"

"ती नेहमीच बेसूर गाते!"

"तुलाच कळणार," दादा म्हणाला, "कान तुझाच चांगला." आणि हे त्याने साध्या आवाजात म्हटलं, तरी धाकट्याला एवढ्या गजरातूनही ते नीट ऐकू गेलं.

अकरावं कडवं संपलं. पाळकसाहेबांनी खाली दोन्ही हात उचलले होते, मंडळीला बसवण्यासाठी. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहून दांडा सोडायची तयारी केली.

ताईने वळून त्यांच्याकडे एकदा बघितलं, बोटं झटकली, आणि पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. खाली कुणीही बसलं नाही.